डक्टविना एसी : घर, गॅरेज आणि जोडणीची कसोटी

अमेरिकेतील बहुतेक स्वतंत्र घरांमध्ये उन्हाळ्यातील गारवा आणि हिवाळ्यातील ऊब एकाच मार्गाने खोल्यांपर्यंत पोहोचते. तळघरात किंवा माळ्यावर मुख्य यंत्र असते आणि तेथून निघालेल्या पत्र्याच्या चौकोनी किंवा लवचीक गोल वाहिन्या, म्हणजेच डक्ट, छतातून आणि भिंतींतून फिरत प्रत्येक खोलीत हवा सोडतात. ही व्यवस्था मुळात हिवाळ्यातील गरम हवेसाठी रूढ झाली आणि पुढे थंड हवाही त्याच वाहिन्यांतून खेळवली जाऊ लागली. तिचा मोठा दोष असा की तापलेल्या माळ्यावरून जाणाऱ्या वाहिन्या सांध्यांतून गळतात आणि भोवतालची उष्णता शोषून घेतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार घर थंड किंवा गरम करण्यासाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी ३० टक्क्यांहून अधिक वाटा या वाहिन्यांमध्ये वाया जाऊ शकतो. जुन्या घराला नवी खोली जोडली, माळ्याची निजायची खोली केली किंवा गॅरेजमध्ये सुतारकामाचा ओटा मांडला, की तेथवर वाहिनी नेणे खर्चाचे होते आणि पुष्कळदा अशक्यही ठरते.

गॅरेजच्या बाबतीत तर तसे करण्यास बंदीच आहे. अमेरिकेत घरबांधणीसाठी बहुतेक ठिकाणी आधारभूत मानल्या जाणाऱ्या नियमसंहितेनुसार राहत्या खोल्यांना हवा पुरवणाऱ्या यंत्रणेने गॅरेजमध्ये हवा सोडायची नसते आणि तेथून ओढूनही घ्यायची नसते. मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि पेट्रोलची वाफ वाहिन्यांवाटे निजलेल्या माणसांपर्यंत पोहोचू नये, हे त्यामागील कारण आहे. त्यामुळे गॅरेज थंड करायचे तर त्याची स्वतःचीच हवा फिरवणारे, घराच्या हवेशी कसलाही संबंध नसलेले यंत्र हवे, आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी नेमका तसा असतो. अमेरिकेत ज्याला डक्टलेस किंवा मिनी-स्प्लिट म्हणतात तो हाच; महाराष्ट्रातील वाचकाच्या तो इतक्या परिचयाचा आहे की त्याला वेगळे नाव असू शकते, हेच त्याला नवल वाटावे.

या यंत्राची घडण जपानमध्ये झाली. लहान खोल्यांची, हलक्या भिंतींची आणि वाहिन्या नसलेली जपानी घरे एका मोठ्या यंत्राने थंड करण्याजोगी नव्हती, म्हणून तेथील कंपन्यांनी १९६०च्या दशकात आवाज करणारा भाग घराबाहेर आणि हवा फेकणारा भाग खोलीत, अशी विभागणी केलेली यंत्रे बाजारात आणली. १९८०-८१ मध्ये तोशिबाने इन्व्हर्टर एसी आणला. इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरची गती गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. तिच्यामुळे यंत्र वारंवार बंद-चालू होण्याऐवजी मंद गतीने सतत चालू राहते आणि वीज वाचते.

यंत्राचे कार्य थोडक्यात असे चालते. प्रशीतक, म्हणजे व्यवहारात ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात तो पदार्थ, खोलीतील युनिटमध्ये कमी दाबाखाली उकळून वायुरूप होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो, बाहेरच्या युनिटमध्ये तो आपली उष्णता बाहेरील हवेला देऊन पुन्हा द्रव होतो आणि बारीक वाटेतून दाब उतरवून परत खोलीत येतो. दिशा पालटणारा व्हॉल्व्ह असला तर हीच फेरी उलटी चालते आणि बाहेरची उष्णता आत आणली जाते. न्यू जर्सी किंवा मिनेसोटासारख्या थंड राज्यांत हे यंत्र उन्हाळ्याइतकेच हिवाळ्यासाठीही घेतले जाते आणि बाहेरचे युनिट साचणाऱ्या बर्फाच्या वर राहील अशा उंच चौकटीवर ठेवावे लागते, ते याच कारणाने.

फ्रिज कारखान्यातून पूर्ण होऊन येतो; स्प्लिट एसी तसा येत नाही, आणि पुढचे सारे विवेचन या एका फरकावर उभे आहे. बाहेरच्या युनिटमध्ये वजन करून भरलेला गॅस व्हॉल्व्ह बंद करून पाठवलेला असतो, आतले युनिट त्यापासून वेगळे असते, आणि दोहोंना जोडणारे तांब्याच्या नळ्यांचे वर्तुळ प्रत्यक्ष घराच्या भिंतीवर पूर्ण होते. कारखान्यात ज्या स्वच्छतेने आणि काटेकोरपणे उरलेले यंत्र बनले, तोच काटेकोरपणा शेवटच्या चार सांध्यांसाठी शिडीवर उभ्या असलेल्या माणसाकडून अपेक्षित असतो. यंत्र पंधरा वर्षे चालणार की तिसऱ्याच उन्हाळ्यात गॅस भरायला लावणार, हे बहुतांशी त्या दोन-तीन तासांत ठरते.

मात्र पाना हाती घेण्यापूर्वी क्षमतेचा हिशेब करावा लागतो. एसीची क्षमता टनात सांगतात. एक टन म्हणजे दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवण्यास लागणारी उष्णता ज्या वेगाने वाहते तो वेग, अर्थात ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक) किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट. खोलीच्या चौरस फुटांवरून टन काढण्याचा ठोकताळा सर्वत्र चालतो, पण तो भिंतींची जाडी, खिडक्यांची दिशा, छतावरचे ऊन आणि माणसांची संख्या यांतले काहीच विचारात घेत नाही. अमेरिकेत या सर्वांचा हिशेब मांडण्यासाठी ‘मॅन्युअल जे’ नावाची प्रमाणित पद्धत आहे. गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतल्यास ते खोलीला झटपट थंड करून थांबते आणि हवेतील ओल काढण्याइतका वेळच चालत नाही. खोली गार असूनही दमट आणि चिकट राहते.

गॅरेजचा हिशेब आणखी वेगळा निघतो. दोन मोटारींच्या गॅरेजचे क्षेत्रफळ ४०० ते ५७५ चौरस फूट इतके, म्हणजे एखाद्या लहान सदनिकेएवढे असते, परंतु त्याची एक संपूर्ण बाजू पातळ पत्र्याच्या दाराची असते. ते दार उन्हात तापते, त्याच्या कडांतून हवा येते, छतात बहुधा उष्णतारोधक थर नसतो आणि संध्याकाळी बाहेरून आलेली मोटार तापलेल्या इंजिनासह आत येऊन उभी राहते. अशा जागेत दोन टनांचे यंत्र लावून वीज जाळण्यापेक्षा दारावर फोमचे तक्ते बसवणे, दाराखालची रबरी पट्टी बदलणे आणि छतात काचलोकरीचा थर घालणे हे आधी केले, तर एक टनाचे यंत्रही पुष्कळदा पुरते. घर आणि गॅरेज या दोहोंसाठी बाहेर एकच मोठे युनिट आणि आत दोन-तीन युनिटे अशी सामाईक रचनाही मिळते, आणि ती दिसायला सुटसुटीत वाटते. पण गॅरेज दिवसातून काही तासच वापरात असते. तेवढ्यासाठी किंवा एकट्या खोलीसाठी मोठा कॉम्प्रेसर पुरेसा मंद चालू शकत नाही, आणि तो बिघडला तर सारे घर एकदम तापते. दोन स्वतंत्र जोड्या घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

जागा निवडताना आतल्या युनिटच्या वर हवा ओढण्यासाठी वीतभर मोकळीक, समोर अडथळा नाही आणि नळ्या बाहेरील भिंतीतून थेट निघतील अशी सोय, एवढे पाहिले जाते. गॅरेजमध्ये आणखी दोन पथ्ये असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणून ठिणगी पडू शकेल असे कोणतेही उपकरण जमिनीपासून किमान १८ इंच उंच असावे असा नियम आहे, आणि उंच भिंतीवरचा एसी तो सहज पाळतो. दुसरे असे की घर आणि गॅरेज यांमधील भिंत आगीला थोपवण्यासाठी जिप्समच्या तक्त्यांनी मढवलेली असते, त्यामुळे तिच्यात भोक पाडण्याचे शक्यतो टाळावे. भिंतीतील सुमारे तीन इंची भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवतात, कारण नळ्यांबरोबर पाण्याची नळीही त्यातूनच जाते. दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज काढते. ते केवळ उताराच्या बळावर बाहेर जायचे असल्याने वाटेत नळी कुठे वर उचलली गेली किंवा तिचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडाले, की पाणी उलटे फिरून भिंतीवर ओघळते. ग्राहकांच्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी या उताराच्या असतात.

तांब्याच्या नळीचे टोक घंटेच्या आकारात फाकवून ते पितळी नटाने शंकूवर आवळण्याला फ्लेअर जोड म्हणतात. या जोडात वॉशर नसतो, डाख नसतो. तांब्याचा मऊ पृष्ठभाग पितळावर दाबला जाऊनच तो वायुबंद होतो, म्हणून त्या पृष्ठभागावरचा एक बारीकसा ओरखडाही गळतीला पुरतो. नळी करवतीने न कापता चाकाच्या कटरने, दर फेरीला थोडेच आवळत कापतात, म्हणजे तोंड गोल राहते. कापल्यावर आतल्या काठाला जी धारदार कड उरते ती खरवडताना नळीचे तोंड जमिनीकडे धरणे आवश्यक असते. नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे जाऊन व्हॉल्व्हमध्ये किंवा कॉम्प्रेसरमध्ये रुततो. त्यानंतर नट आधी नळीवर चढवायचा आणि मगच टोक फाकवायचे. हा क्रम चुकला की केलेले टोक कापून टाकावे लागते. फाकवलेली कड चकचकीत, सर्व बाजूंनी सारखी आणि चीर नसलेली दिसली पाहिजे. प्रशीतन-तेलाचा एखादा थेंब लावून नट आधी बोटांनी, मग दोन पान्यांनी आवळतात: एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, अन्यथा नळीलाच पीळ पडतो. किती आवळायचे हे अंदाजावर सोडलेले नाही. पाव इंची नळीसाठी साधारण १६ आणि अर्ध्या इंची नळीसाठी साधारण ५५ न्यूटन-मीटर इतका पीळ लागतो, आणि तो मोजून देणारा टॉर्क पाना मिळतो. कमी आवळल्यास गॅस गळतो. जास्त आवळल्यास कड चेपून पातळ होते आणि काही महिन्यांनी थंडी-उष्णतेच्या ताणाने चिरते.

जोड झाल्यावर नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गळती तपासतात. आजच्या प्रशीतकांसाठी हा दाब बहुधा ४०० ते ५०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) घरात असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या बारापट किंवा त्याहून जास्त, म्हणून सिलिंडरला दाब-नियंत्रक लावल्यावाचून हे काम करायचे नसते. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन वापरणे तर प्राणघातक ठरते, कारण दाबाखालील ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात आल्यावर स्फोट होतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात आणि दाबमापकाचा काटा काही तास, जमल्यास रात्रभर, स्थिर राहतो का ते बघतात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि जगभर सर्वांत अधिक टाळली जाणारी आहे. नळ्यांत हवा आणि हवेबरोबर ओल असते. कॉम्प्रेसरमधील कृत्रिम तेल ओल झपाट्याने शोषते, त्यातून आम्ले बनतात आणि ती मोटरच्या वेटोळ्यांचे आवरण हळूहळू खातात. उरलेली हवा बाहेरच्या युनिटमध्ये द्रवरूप होत नसल्याने दाब आणि विजेचा खर्च दोन्ही वाढवते. म्हणून व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करायच्या असतात. ही पोकळी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो. पंचवीस अंश सेल्सिअसला पाणी सुमारे २४,००० मायक्रॉन दाबाखाली उकळू लागते, त्यामुळे दाब त्याच्या बराच खाली नेला की नळीतली ओल वाफ होऊन पंपावाटे निघून जाते. पाचशे मायक्रॉनपर्यंत उतरणे ही सर्वमान्य कसोटी आहे. नेहमीच्या दाबमापकाचा काटा हवा जवळजवळ निघाल्याबरोबर तळाला टेकतो आणि पुढचे काही सांगत नाही. त्यासाठी वेगळा मायक्रॉनमापक लागतो. पंपाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर आकडा सारखा चढत राहिला तर गळती आहे आणि थोडा चढून थांबला तर आत ओल उरली आहे, इतका स्पष्ट निर्णय हे छोटे उपकरण देते. आकडा स्थिर झाल्यावरच बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह षट्कोनी किल्लीने उघडून गॅस सोडला जातो.

येथेच कायदा आडवा येतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याच्या ६०८व्या कलमाखालील नियमांनुसार ज्या कामात प्रशीतक हवेत निसटू शकतो ते काम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रमाणपत्रधारकानेच करायचे असते आणि प्रशीतकाचे सिलिंडरही अशाच व्यक्तींना विकले जातात. परीक्षेला कोणीही बसू शकतो, त्यामुळे हौशी घरमालकांना तो मार्ग मोकळा आहे. कडकपणाचे कारण हवामानाशी जोडलेले आहे: आर-४१०ए हा प्रशीतक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट आणि आर-३२ हा सुमारे ६७५ पट तापमानवाढ घडवतो. रवांडातील किगाली येथे २०१६ मध्ये झालेल्या करारानंतर असे पदार्थ टप्प्याटप्प्याने कमी केले जात आहेत. घरगुती एसीसाठी अमेरिकेने २०२५ पासून ७०० पट ही कमाल मर्यादा घातली आणि नवी यंत्रे आर-३२ किंवा आर-४५४बी यांवर बनू लागली. हे दोन्ही पदार्थ सौम्य ज्वलनशील आहेत, त्यामुळे गळती ही आता अधिकच गांभीर्याने घेण्याची बाब झाली आहे.

स्वतः बसवू इच्छिणाऱ्यांसाठी काही उत्पादकांनी आधीच गॅस भरलेल्या, दोन्ही टोकांना झटपट जोड असलेल्या नळ्यांचे संच काढले आहेत. त्यांत फ्लेअर करावे लागत नाही आणि पोकळीही करावी लागत नाही, म्हणून वर सांगितलेल्या दोन्ही अवघड पायऱ्या गळून पडतात. त्यांची मर्यादा अशी की नळीची लांबी ठरलेली, बहुधा २५ फूट, असते आणि ती कापता येत नाही. उरलेली नळी बाहेरच्या युनिटमागे आडव्या वेटोळ्यांत, कुठेही घडी न पडू देता ठेवावी लागते, कारण उभ्या वेटोळ्यांच्या तळाशी तेल साचते. हौशी माणसासाठी हे संच योग्य आहेत. मात्र विजेची जोडणी तरीही उरते. अमेरिकेत यासाठी बहुधा २४० व्होल्टचे स्वतंत्र सर्किट, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेतला ब्रेकर आणि बाहेरच्या युनिटच्या नजरेच्या टप्प्यात वीज तोडणारा स्विच लागतो. आतल्या-बाहेरच्या युनिटांमधील केबल मधे न जोडता सलग न्यावी लागते आणि दोन्हीकडचे क्रमांक जुळवावे लागतात. बहुतेक नगरपालिका परवाना मागतात आणि निरीक्षक येऊन काम पाहून जातो. विजेचे हे काम इलेक्ट्रिशियनकडे सोपवण्यात कमीपणा मुळीच नाही.

महाराष्ट्रात यंत्र तेच असले तरी परिस्थिती निराळी आहे. येथे घरमालक स्वतः एसी बसवत नाही. तंत्रज्ञ येतो, आणि मार्च ते मे या मोसमात त्याला दिवसाकाठी अनेक घरे उरकायची असतात. या घाईत पोकळी करण्याची पायरी सर्रास गाळली जाते. बाहेरच्या युनिटचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून, दुसरीकडचा नट सैल ठेवून, गॅसच्या झोताने हवा हाकलली जाते. त्यात मोजून भरलेला गॅस कमी होतो, ओल आतच राहते आणि आर-३२ सारखा ज्वलनशील वायू माणसाच्या तोंडाजवळ सुटतो. घर बदलताना एसी काढून नवीन जागी लावला की हाच प्रकार पुन्हा होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ असे सांगितले जाते. बंद वर्तुळातला गॅस वापराने संपत नसतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणे होय.

हवामानाचेही काही विशेष लक्षात घ्यावे लागतात. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ अंशांवर जातो, तेथे वाळ्याचा किंवा गवताच्या पडद्यांचा कूलर अजूनही कमी विजेत चांगले काम करतो, आणि एसी घेतलाच तर ३५ अंशांवर मोजलेली त्याची क्षमता तेवढ्या उन्हात घटते हे ध्यानात ठेवावे लागते. मुंबई आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी ठरतो. तेथे खारी हवा बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या पोखरते, म्हणून गंजरोधक लेप असलेली यंत्रे घेऊन ती गोड्या पाण्याने अधूनमधून धुणे हिताचे असते. जुन्या इमारतींत पुष्कळदा अर्थिंगच नसते. दीड टनाच्या एसीसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरे अर्थिंग नसेल तर ते आधी करून घेणे, हा खर्च टाळण्याजोगा नाही.

आणि सर्वांत गंभीर बाब माणसाची आहे. पंचवीस-चाळीस किलोंचे बाहेरचे युनिट पाचव्या किंवा बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकवण्यासाठी तंत्रज्ञ अनेकदा पट्ट्याशिवाय छज्ज्यावर उतरतो. छज्जा पाऊस अडवण्यासाठी बांधलेला असतो. माणूस आणि यंत्र यांचा एकत्रित भार पेलण्यासाठी नव्हे. बाहेरच्या युनिटला गच्चीवर, बाल्कनीत किंवा पोहोचता येईल अशा सज्ज्यावर जागा देण्याचा निर्णय गृहनिर्माण संस्थांनी इमारतीच्या पातळीवर घ्यायला हवा, कारण नंतरची प्रत्येक दुरुस्तीही तेथेच होणार असते.

एसी घेणाऱ्याने दुकानात तारांकन आणि सवलत जितक्या बारकाईने पाहिली तितक्याच बारकाईने बसवण्याच्या दिवशी तीन गोष्टी पाहाव्यात: तंत्रज्ञाने व्हॅक्यूम पंप आणला आहे का, तो किमान अर्धा तास चालवून मापक दाखवला का, आणि खिडकीबाहेर जाण्यापूर्वी सुरक्षा पट्टा बांधला का. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर काम तेथेच थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण साहित्यानिशी येण्यास सांगावे.